गुरुवार, चार ते आठ

२ डिसेंबर, सकाळी
एरेदियातल्या आमच्या गल्लीत सहा घरं, सहा विजेच्या गाड्या आणि खांबावर एकच म्हातारा ट्रान्सफॉर्मर. सगळे एकदम चार्जिंगला लावतात आणि अंधार. शेवटी मीच वेळापत्रक करून दारोदार वाटलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळले, सहा घरं काय जड? माझा वार गुरुवार, चार ते आठ.
चौदाला सान इसिद्रोला माझ्या नातीच्या, यामिलेथच्या शाळेचा निरोप समारंभ. तिने माझी कविता मागितली आहे. मध्ये 'मृत्यूचा डोंगर' म्हणतात तो उंच घाट. बॅटरी भरलेलीच हवी.

५ डिसेंबर, संध्याकाळी
चारला प्लग लावला. वारा गार, म्हणून विजेच्या गरम शॉवरखाली तालीम. न्हाणीघरात आवाज काय घुमतो! जुनी सहावी 'ब' डोळ्यांसमोर आली. बत्तीस कडवी, दोनदा. बाहेर येऊन पाहतो तर गाडी एकतीस टक्क्यांवरच. समोरच्या घरातला विल्बर्थ माझ्या वेळेत वीज ओढतोय.

६ डिसेंबर
वायरमन आला. म्हणाला, मास्तर, शॉवर लावलात की ही पेटी गाडीचं चार्जिंग तोडते, नाहीतर वायरिंग जळेल. अंघोळ झाली की हे हिरवं बटण दाबायचं, नाहीतर पुन्हा प्लग लावेपर्यंत चार्जिंग बंदच. मी मान डोलावली. रुक्ष माणूस. विल्बर्थवर लक्ष ठेवायचं.

१२ डिसेंबर, रात्री आठ
रंगीत तालीम. आवाज लागला होता, घाई कशाला? गाडी एकतीसच. विल्बर्थला दारात जाऊन झापलं. म्हणाला, माझी गाडी आठ दिवस गॅरेजात पडलीय, बायको बसने जाते. आणि तुमची कविता अख्ख्या गल्लीला पाठ झालीय, हवं तर मीच जाऊन म्हणतो. उर्मट. माझाच विद्यार्थी.

१३ डिसेंबर
शेजारच्या फ्लोरीबाईंनी आपला शुक्रवार मला दिला. म्हणाल्या, जा मास्तर, पोरगी वाट बघत असेल, फक्त आज न्हाऊ नका. भाबड्या आहेत. शेवटच्या कडव्याला अजून माझ्याच डोळ्यांत पाणी येत नव्हतं. शॉवरखाली अर्धा तास अजून दिला. मग आलं.

१४ डिसेंबर, सकाळी सहा
चौतीस टक्के. बसमध्ये जागा नाही.
यामिलेथला फोन केला. गल्लीने घात केला म्हणून सांगितलं. म्हणाली, असू दे आजोबा, आईच्या लग्नाला आला नव्हतात तेव्हाही कुणीतरी घातच केला होता ना.

१५ डिसेंबर
काल अंघोळ केली नाही. सवयीने प्लग पुन्हा लावला, तो काढायचाही राहिला.
गाडी शंभर टक्के.