डाव्या हाताचा आवाज

दूधविनायक, वाराणसी
श्रावण वद्य पंचमी, १९९६

चि. सुमंतराव यांस इंदूताईचे अनेक आशीर्वाद. (पत्रांना उत्तर न देणारी माणसं मोठीच असतात, म्हणून 'राव'.) तुझी, तुझ्या बायकोची आणि पुण्यातल्या तुझ्या त्या साउंड सर्व्हिसची प्रकृती ठणठणीत असावी. राखी पोचली असेल. इकडे गंगा चढली आहे, शिंदे घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. आणि आपल्या नानांना आता अजिबात ऐकू येत नाही. कानाशी ओरडलं तरी माझ्या तोंडाकडे बघून गोड हसतात आणि मला रडू येतं.

पत्राचं कारण तुझ्या धंद्यातलंच आहे. आपल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवासाठी विश्वेश्वरकाकांनी (अध्यक्ष अजूनही तेच) एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचे दोन सब-वूफर घेतले. डबे एवढे थोरले की गल्लीत समोरून गाय आली तेव्हा मागे कोणी सरायचं यावर अर्धी सकाळ गेली. (गाय जिंकली.) मग अँप्लिफायर कोणता घ्यावा यावर बैठक. काकांनी न्याय सांगितला की स्वार हलका असला म्हणजे घोडा टिकतो. जमलेल्या शास्त्र्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, काका, इथे उलटं आहे. सब-वूफर जेवढं पेलतो त्याहून अँप्लिफायर चांगला दांडगा हवा, जमलं तर दुप्पट, म्हणजे तो दम न लागता वाजतो. लहानगा अँप्लिफायर जिवाच्या आकांताने ओरडतो, त्याचा आवाज फाटतो आणि त्यातच स्पीकर जळतो. शिवाय दोन्ही डबे एकालाच जोडले की भार वाढतो, आणि आपल्या मोहल्ल्यातली बिजली ही अशी मरतुकडी. पण मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी, समितीत माझं खातं मोदकांचं. दोघांत मिळून एक किडूकमिडूक अँप्लिफायर आला.

चाचणी आपल्याच ओसरीवर झाली. घरात हाताशी होती ती तू वाजवलेल्या पखवाजाची जुनी कॅसेट लावली. आवाज निघेना म्हणून काकांनी बटण शेवटपर्यंत पिळलं. लाल दिवा लागला तो विझेचना. काका म्हणाले, शुभ आहे. नाना शेजारीच बसले होते. ज्या डब्यांना त्यांनी जन्मभर भोंगे म्हटलं, पखवाज सोडून तू त्यांचाच धंदा काढलास म्हणून तुझ्याशी बोलणं टाकलं, त्या डब्यावर त्यांनी सहज तळहात ठेवला. आणि दुसऱ्या हाताने मांडीवर चौताल धरला! मी बघतच राहिले. सब-वूफरमधून उजव्या हाताचे बोल येत नाहीत रे, पोचतो तो डाव्याचा, कणीक थापलेल्या पुडीचा घुमारा. नाना मला म्हणाले, "हा सुमंत आहे. डाव्या पुडीला कणीक कमीच लावतो. किती सांगितलं."

तेवढ्यात जळका वास सुटला. काकांना वाटलं कोणी धूप लावला, त्यांनी हात जोडले. तो स्पीकर मेला होता. नानांचा तळहात मात्र डब्यावर तसाच, बराच वेळ. मग त्यांनी मला विचारलं, "गेला का?"

मी होकाराची मान हलवली.

काका म्हणतात, घोडाच अवलक्षणी होता. दुसरा डबा मात्र वाचला आहे. त्याला कोणता अँप्लिफायर घ्यावा, पडत्या बिजलीवर तो तग धरेल का, सगळं सविस्तर लिही. समितीला मी बघून घेते.

तुझी,
इंदूताई

ता. क. नाना रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडून कणकेचा गोळा नेतात आणि त्या डब्यापाशी ठेवतात. दुपारी तो गाय खाते. (तीच.)

आणखी एक ता. क. इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मला हे कालच सुचलं की हात पखवाजाच्या लाकडावरही ठेवता येतो. तुझा पखवाज इथेच आहे, खोळीत. त्याला अँप्लिफायर लागत नाही, वाजवणारा लागतो. तेव्हा वरचं सगळं सोड आणि चतुर्थीच्या आधी ये. कणीक मी मळून ठेवते. या वेळी नाना म्हणतील तेवढी लाव.