रूमच्या बाईला चांदीचे डोळे

७ जानेवारी १९५७, चिंचवड
आले एकदाची. बंगला निगडीच्या रस्त्यावर, भोवती ज्वारी आणि लांबवर एका नव्या कारखान्याची चिमणी. मालक मुंबईचे ग्रीक व्यापारी. ते फारसे येत नाहीत, त्यांच्या जुन्या वस्तू इथे राहतात. त्या पुसायच्या, घर सांभाळायचं, एवढंच माझं काम. विधवा बाई एकटी महिनाभरही टिकायची नाही, असं भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले होते. टिकून दाखवते. स्वतःची खोली, स्वतःची चूल, आणि सकाळी माझं तोंड बघून नाक मुरडणारं कुणी नाही.

९ जानेवारी
वस्तू इस्तंबूलकडच्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती राज्यातल्या. माळी चांदभाई त्याला रूमचा माल म्हणतात. मला वाटलं राजेरजवाड्यांचं काहीतरी असेल. निघालं आपल्यासारखंच: हस्तिदंती फणी, पितळी दिवे, साखळ्यांची धूपदाणी, प्रसादाच्या पावावर क्रूस उठवायचा ठसा, तीर्थाचं तेल आणायची मातीची कुपी. फणीचे दात तुटलेत. कुणा बाईचे केस भलतेच दाट असणार. मला उगाच तिचं कौतुक वाटलं.

१२ जानेवारी
आतल्या खोलीत एक तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. लाकडी फळीवर रंगवलेली संत बाई, डोक्यामागे सोनेरी वलय आणि दोन्ही डोळे खरवडून काढलेले. देवमाणसाला असं ठेवतात का? चांदभाई म्हणाले, "इंदुताई, ज्यानं खरवडलं त्यानं कायतरी बघूनच खरवडलं असंल. ऱ्हाऊ द्या तसंच." मी हसले. आमच्या गावच्या देवीचे डोळे झिजले की सोनाराकडून नवे चांदीचे आणून बसवतात. त्याशिवाय ती बघणार कशी?

१५ जानेवारी
सोनाराकडून चांदीचे डोळे आणून बसवले, मेणाने. झकास दिसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार, म्हणून तिळगूळ हिच्यापुढेच ठेवला. म्हटलं, तूही एकटी, मीही एकटी, गोड बोल.

१९ जानेवारी
सुई ओवता येईना. उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसतंय. चांदभाईंची बायको हसीना म्हणाली की बुबुळाचा रंगच उडालाय. गुलाबपाणी घालून गेली. फरक नाही.

२२ जानेवारी
तसबिरीचा उजवा चांदीचा डोळा खाली पडला होता. आत खरवडलेलं लाकूड नाही. डोळा आहे. तपकिरी, ओला, आणि बुबुळाच्या कडेला बारीक तीळ. असा तीळ माझ्या डोळ्यात आहे. आरशात पाहिलं. होता, म्हणायला हवं. मला भीती वाटली. खूप वाटली. मग राग आला, तो अजून आहे.

२४ जानेवारी
काल हसीना भाकरी घेऊन आली, दारातून तसबिरीकडे पाहत राहिली. आज पायरी चुकून पडली. डावीकडचं दिसत नाही म्हणते. चांदीचा डावा डोळाही गळालाय. आत घारा डोळा उमटतोय, अजून फिकट. या घरात घारी फक्त हसीना.

तसबीर भिंतीकडे वळवली. पाणी पिऊन आले तर पुन्हा समोर.

२५ जानेवारी
चांदभाईंना सांगितलं की जाळून टाकते. ते रडले. म्हणाले, हसीनाचा डोळा आत हाय, तो बी जळंल. खरं आहे.

डोळे मी बसवले. हसीनाने नाही.

आंधळी होऊन भाऊजींच्या दारात जाणार नाही — तसबिरीतल्या बाईला हसीनाचा डोळाही देणार नाही —

२६ जानेवारी, दुपार
तसबिरीसमोर बसलेय. माझा डावा डोळा अजून धड आहे. तो पुढे केलाय. बघ म्हटलं. माझ्याकडे बघ. घ्यायचाच तर हा घे, हसीनाचा सोड —

घारा रंग जातोय. तपकिरी होतोय. अर्धा —

ओळ कुठे चाललीय, कळत नाही. अंधार. बाहेर हसीना ओरडतेय, दिसतंय म्हणून. ती नि चांदभाई हसतायत, रडतायत.

आता आत फक्त माझे डोळे. माझ्या मालाचं मी काय वाटेल ते करीन —

तसबीर चुलीत घातली. लाकूड आहे, पेटतंय. आई गं — डोळ्यांत निखारे — ती ओरडतेय, मी नाही, मी ओरडणार नाही — चूल माझी आहे, तू जळ, मी इथेच बसलेय, बघू कोण आधी —