अकरा अंगठे

६ जानेवारी २०२५, धडगाव

उमाकांतचा पुण्याहून फोन – मार्चअखेर व्यवहार दुप्पट झाले नाहीत तर धडगावचं काम बंद! "प्रिस्किला, कंपनी आपल्या दोघांची, पण पैसा गुंतवणूकदारांचा. इकडे ये, कोड लिही. तिथं डोंगरात बसून काय करतेस?"

काय करते! दुकानदार बायकांना मशीन देते, शिकवते, बिघडलं की जीपला लटकून जाते. बँक तालुक्याला, माणसं पाड्यांवर. म्हणून तर नोकरी सोडून ही कंपनी काढली – पाड्यावरच्याच दुकानात अंगठा लावायचा, खात्यातले पैसे घ्यायचे किंवा भरायचे. कुणाचा अख्खा दिवस वाचतो. उमाकांतला हे माहीत आहे. तरी विचारतो.

९ जानेवारी

रमिलाबाईच्या दुकानात गेले. आमचं पहिलं मशीन तिच्याकडेच. आश्रमशाळेत दहावी झालेली, मीठ-तेल विकते, हिशेबाला पक्की. बातमी सांगितली.

"मग मशीन नेशील?"

"मशीनही जाईल, मीही."

तिनं उठून मला भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा.

१९ जानेवारी, रविवार

घरी नवापूरकडे असते तर सगळ्यांबरोबर चर्चला गेले असते. आईशी फोनवर सहा मिनिटं आमच्या आदिवासी कोकणीत बोलले. आज तोंडातून निघालेले शब्द तेवढेच. इथली पावरी बोली अजून अर्धीच कळते. बायका हसतात, मग मी हसते – जरा उशिरा.

१२ फेब्रुवारी

रमिलाबाईचे व्यवहार तिप्पट!! दोनदा तपासले.

१३ मार्च

सगळे काठी गावच्या होळीला निघाले. रमिलाबाई मुद्दाम खोलीवर आली. "चल ना. एकटी काय करशील?"

गुंतवणूकदारांसाठी तक्ते करायचे होते. नाही म्हटलं. ती दारात जरा थांबली, मग गेली. बाजार बंद. बिस्किटं खाल्ली. तक्ते मात्र छान झाले.

२१ मार्च

एक वर्ष मिळालं! व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धडगाव राहणार! लॅपटॉप मिटला आणि खोली एकदम गप्प झाली. सांगायला कुणी नाही. धुतलेली भांडी परत धुतली.

२४ मार्च

काहीतरी चुकतंय. रमिलाबाईकडे रोज तेच अकरा अंगठे. सकाळी अकरा वाजता दोनशे काढले, अकरा-दहाला दोनशे भरले. बाराला पुन्हा तेच. वाटलं, माझ्या कोडमध्येच चूक असेल. दिवसभर शोधली. देवा, चूक सापडू दे, असं पहिल्यांदाच वाटलं.

कोड बरोबर आहे.

२५ मार्च

न सांगता गेले. लांबूनच पाहिलं. म्हातारी मंगळीबाई आली, अंगठा लावला, दोनशे घेतले. हातपंपाला एक फेरी मारली. परत आली. अंगठा लावला, दोनशे दिले. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. हसत होत्या सगळ्या.

मी पुढं झाले तसं हसू थांबलं.

"हे काय चाललंय, रमिलाबाई?"

"पैसे त्यांचेच आहेत. कोणाचं नेलं नाही."

"कशासाठी पण?"

ती तराजूतलं मीठ झटकू लागली. दर व्यवहाराला तिला कमिशन मिळतं. आणखी कशासाठी असणार! म्हणाले, "मी तुला माझं माणूस समजत होते." आवाज चढला माझा. तिनं मशीन फडक्यानं पुसून ठेवलं. पाणी विचारलं. मी घेतलं नाही.

२६ मार्च

उमाकांत – "कशाला उकरतेस? कुणाचं नुकसान झालं नाही. आकडे चांगले आहेत." क्षणभर मलाही पटलं. हेच वाईट!

पण ते वर्ष मी खोट्या तक्त्यांवर मागून आणलंय.

२७ मार्च

बँकेला आणि गुंतवणूकदारांना सगळं लिहून कळवलं. रमिलाबाईचं नावही लिहिलं.

१ एप्रिल

बँकेनं तिचा आयडी बंद केला. मशीन आणायला मलाच जावं लागलं. तिनं वायर नीट गुंडाळून, पिशवीत घालून दिलं. मंगळीबाई ओट्यावर बसलेली, मला काहीतरी पावरीत बोलली. कळलं नाही. रमिलाबाईला विचारावं असं तोंड नव्हतं.

३ एप्रिल

गुंतवणूकदारांनी वर्ष परत घेतलं. धडगाव बंद. उमाकांत म्हणतो, सोमवारी पुण्यात हजर हो. त्याचा राग गेलेला नाही. माझाही नाही – फक्त कुणावर आहे ते नीट सांगता येत नाही.

५ एप्रिल

खोलीमालक ललितभाऊंकडे गेले. खोली सोडते म्हटलं, या महिन्याचं भाडं पुढं केलं. त्यांनी घेतलंच नाही.

"भाडं? ते त रमिलाबाई दी गयी, ताई. होळीना पहिलेच. येती दिवाळीलगूनचं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सांगू नको म्हने. कंपनीनी पैसा बंद कया तरी ताईले काढू नको म्हने. मशीनवर कमिशन भेटनं, तेच दिनं तिनी."

रमिलाबाईच्या पाड्याकडची जीप दोनला सुटते. निघाले.