टायटनवर भोरड्या नाहीत

शनिवार, १० जानेवारी २०२६. सकाळी ७.४०. मामाच्या शेतात मचाणावर बसून चहा पीत यानाचा आराखडा काढत आहे.

मोहीम आजपासून सुरू. शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन. तिथे उडून माहिती गोळा करणारं यंत्र बनवायचं. सुरुवात शनिवारी झाली, हे मी मुद्दाम केलेलं नाही. अमेरिकेचं असं यान २०२८ मध्ये निघायचं आहे. म्हणजे आपल्याला भरपूर वेळ आहे.

घरच्यांच्या मते मी बिडकीनला वेगळ्याच कामासाठी आलो आहे. बद्रीनाथमामाचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि ज्वारी दाण्यात आली आहे. पाखरं हाकलायला कुणीतरी हवं. आई म्हणाली, डिप्लोमा सोडून इथे बसण्यापेक्षा तिथे बस. मामीने आल्या आल्या सांगितलं, "भाचे, वर्षाची भाकर हाय ही. नुसतं वरडायचं, बाकी काय नाय." मी मान डोलावली. ओरडणं मला जमत नाही. घसा नाजूक आहे. शिवाय संशोधकाला ते शोभत नाही.

सोमवार, १२ जानेवारी.
शहरात जाऊन औरंगपुऱ्यातून चार मोटारी, पंखे, बोर्ड आणि बॅटरी आणली. आईकडून कोर्ससाठी म्हणून पैसे घेतले. एका अर्थी कोर्सच आहे. सांगाड्यासाठी मचाणावर टांगलेला तेलाचा पत्र्याचा डबा घेतला. पाखरं आली की मामी तो बडवायची. डबा कुठे गेला, असं संध्याकाळी विचारत होती. संशोधनात आहे, म्हटलं.
मी शहरात असताना भोरड्या पाखरांचा थवा बसून गेला. बांधाकडच्या ओळी साफ. उद्यापासून सावध राहणे.

गुरुवार, १५ जानेवारी.
पहिलं उड्डाण. झालं नाही. डबा जागच्या जागी थरथरला. कारण शोधून काढलं: पृथ्वी. टायटनवर वजन सातवा हिस्सा आणि हवा चौपट दाट. तिथे हाच डबा आरामात उडेल. यंत्र बरोबर आहे, ठिकाण चुकलं आहे. मामाला हे समजावून सांगितलं. मामा बाजेवरून म्हणाला, "मंग तिथंच जाऊन चालू कर ना बाबा. इथं कायको तरास?"
भोरड्या डब्याभोवतीच्या कणसांवर बसून चाचणी बघत होत्या. बघता बघता खात होत्या.

रविवार, १८ जानेवारी.
थंडीची चाचणी. टायटनवर उणे १७९ अंश असतं. फ्रीजमध्ये दुधाशेजारी बॅटरी ठेवली. मामीने ती काढून ओट्यावर ठेवली. म्हणाली, "सेल बी नासतेत का रं तुमचे?"
मामा म्हणतो, भोरड्या परदेशातून उडत येतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. मुद्दा नोंदवून ठेवला.
संध्याकाळी मामी शेतात चक्कर मारून आली. पदरातली कणसं माझ्यासमोर ठेवली. एकातही दाणा नव्हता. "दीड पोतं गेलं," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. मला जेवण गेलं नाही. तीन भाकरी खाल्ल्या, पण चव लागली नाही.
निश्चय: उद्यापासून सकाळी पाखरं, दुपारी टायटन.

सोमवार, १९ जानेवारी.
सकाळी टायटन. एक वायर सुटली होती, ती तशी सोडून जाणं बरं दिसलं नसतं. दुपारी पाखरं राखायला गेलो. तोवर त्यांचं जेवण झालं होतं.

बुधवार, २१ जानेवारी.
उपाय सापडला. यान ज्वारीवरून उडवायचं. टायटनचा सराव होईल आणि पाखरंही पळतील. मामीला सांगितलं. ती म्हणाली, "उडू दे मंग. नाय उडलं तर तू उड."

शुक्रवार, २३ जानेवारी. सकाळी ८.१०.
अर्धा डबा कापून वजन कमी केलं. यान उडालं! गुडघ्याएवढं. मग तिरकं होऊन माझ्याकडे आलं. मी हात आडवा घातला. पंखा बोटाला लागला.
पुढचं निव्वळ निरीक्षण म्हणून लिहितो. शेतातल्या यच्चयावत भोरड्या एकदम उठल्या, नाल्यापलीकडे गेल्या आणि दुपारपर्यंत परतल्या नाहीत. यानाच्या आवाजाचा परिणाम सिद्ध झाला.
मामाला तसं सांगितलं. मामा म्हणाला, "व्हय, घरापस्तोर ऐकू आला. यान लई मोठ्यानं 'अयाई गं, मेलो' म्हणलं."
मामी हसली नाही. बोटाला हळद लावता लावता माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "घसा तर चांगलाय की रं तुझा."

शनिवार, ३१ जानेवारी. सकाळी ६.३०. मचाणावर उभा राहून ओरडत आहे, मधल्या वेळात लिहीत आहे.
आठवडाभर एकही थवा टेकू दिलेला नाही. उरलेली ज्वारी शाबूत आहे. बॅटरी फुगली. टायटनवर भोरड्या नाहीत, त्यामानाने तिथलं काम सोपं आहे, म्हणून ते पुढे ढकललं.
खर्च: यानाचं सामान, नऊ हजार चारशे रुपये.
देणं: आईचे तेवढेच. मामीची दीड पोतं ज्वारी.
ओरडण्याच्या मजुरीत ज्वारी फिटेल का, म्हणून मामीला विचारलं. म्हणाली, "फिटंल की. अजून दोन साल ये."
डब्याचं साल वेगळं, म्हणे.