विभाचे चित्र व बाकीची मालमत्ता

मी, हेमचंद्र नीलकंठ रिसबूड, वय बहात्तर, मूळचा पुण्याचा, हल्ली राहणार इचिकावा, जपान, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी धमक आमच्या घरात कोणात नाही. इथल्या कायद्याला हस्ताक्षर व शिक्का पुरतो. पुण्याच्या नातेवाइकांना साक्षीदारांशिवाय चैन पडत नाही, म्हणून दोन्हींची सोय केली आहे.

१. राहते घर एकुलता मुलगा पार्थ यास. भूकंपात जिन्याजवळच्या भिंतीला गेलेली चीर मी कागद चिकटवून झाकलेली नाही. घर विकल्यास गिऱ्हाइकाला ती आधी दाखवावी.

२. बँकेतील शिल्लक सून कश्मिरा हिला. माझी पत्नी विभा आजारी असताना ओसाकाहून दर शनिवारी एकटी येणारी तीच. पार्थने कारण विचारू नये.

३. सूक्ष्मदर्शक व भिंगे माझे माजी सहकारी गुणवंत यांस. मी रंगांचा रसायनतज्ज्ञ. उभी हयात टोकियोच्या एका खासगी संग्रहालयात लेओं बुर्दे या फ्रेंच चित्रकाराची चित्रे तपासण्यात गेली. हा खाटकाचा मुलगा. बाप मेला तेव्हा त्याने बापाला होता तसा रंगवला: दाढीचे खुंट, उघडा जबडा, नखांत रक्त. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी निरोप धाडला, दाढी तेवढी करा, चित्र लावतो. बुर्देने कळवले, मग न्हाव्याला बोलवा. पुढे जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरले. तो मेल्यावर एका व्यापाऱ्याने बापाची दाढी रंगाने झाकून चित्र विकले. गुळगुळीत हनुवटी दुसऱ्याच हाताची आहे हे मी सिद्ध केले. गुणवंतांनी मात्र त्याच हनुवटीत ‘चित्रकाराचा उतारवयातला हळवेपणा’ शोधून त्यावर व्याख्याने झोडली. देवाने दिलेल्या डोळ्यांचा उपयोग झाला नाही. भिंगांचा होतो का पाहावे.

४. दिवाणखान्यातील विभाची तसबीर. इथे अंत्यविधीला मृताचा फोटो मोठा करून मांडतात. दुकानदार सुरकुत्या पुसतो, हवे तर कपडेही बदलून देतो. पार्थने फोनवरून ऑर्डर दिली. जन्मभर स्वेटर-पँट घालणाऱ्या विभाला दुकानदाराने पैठणी नेसवली, दाट केस दिले, गोरे केले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, पदर उजव्या खांद्यावर टाकला! मी विचारले, "ही बाई कोण?"

पार्थ म्हणाला, "बाबा, प्लीज. लोकांसमोर आई प्रेझेंटेबल दिसायला हवी ना."

पुण्याहून वृंदावहिनी व्हिडिओवर म्हणाल्या, "किती प्रसन्न दिसतेय विभा!" सव्वाशे साड्यांच्या मालकीणबाई, पण पदर त्यांनाही दिसला नाही. ही तसबीर माझ्या शवपेटीत घालून जाळावी. वाटेत त्या बाईशी ओळख करून घेईन.

५. माझा फोटो निवासी कार्डावरचा लावावा. त्यात मी चिडका दिसतो. तसाच आहे.

६. मी पेन्सिलीने काढलेले विभाचे चित्र. ते तिनेच हॉस्पिटलात काढायला लावले. मी टाळत होतो. ती म्हणाली, "इतकी वर्षं त्या बुर्देचं कौतुक ऐकवलंत ना मला? मग आता काढा. हा घ्या, स्कार्फ सोडला." टक्कल, सुजलेले ओठ, हातात सलाइनची सुई, सगळे आहे. पाहून म्हणाली, "हं, ही मी."

हे चित्र दिवाणखान्यात लावले नाही तर घर मिळणार नाही, अशी अट मी घातली होती. ती खोडली आहे. पार्थला आईचे टक्कल लपवायचे होते असे समजून मी त्याचा तिरस्कार करत आलो. पण शेवटच्या महिन्यांत तो एकदाही आला नाही. "नेक्स्ट वीक नक्की, बाबा," म्हणायचा. अंत्यदर्शन झाले तेव्हाही तिच्या डोक्याला स्कार्फ बांधलेला होता. जे लपवले असे मी म्हणतो, ते त्याने पाहिलेलेच नाही.

सबब सदर चित्र विनाअट पार्थला. त्याच्या वाट्याचे आईचे आजारपण इतकी वर्षे माझ्याकडे पडून आहे. ते त्याने घेऊन जावे.

वरील मजकूर वाचून, एकही शब्द मवाळ न करता सही व शिक्का केला.

हेमचंद्र नीलकंठ रिसबूड

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. भानुदास केळुसकर
२. सुनेत्रा दामले

इचिकावा, दि. ९ नोव्हेंबर २०१९