बाहेर कोण बसलं होतं

मंगळवार, तारीख चौदा.
सकाळी साडेनऊला दवाखान्यात गेलो. वरच्या सहा दातांवर ब्रॅकेट बसवून घेतले. एक वाजता घरी आलो. जेवलो नाही.

आदरणीय साडूबुवा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो की नाही, ते कळवा. ताईंची डोकेदुखी थांबली असेल अशी आशा आहे (या पत्राने ती पुन्हा सुरू होऊ नये, अशीही आहे).

हिला जाऊन चार महिने झाले नाहीत तोच हा गृहस्थ दात सरळ करायला निघाला, असं लोक म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण माझे खालचे दात टाळूत रुततात, जेवताना रक्त येतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी थांबलात तर दात हलायला लागतील. म्हणून गुपचूप उरकायचं ठरवलं. ओठ मिटून राहायची सवय मला आहेच (ही म्हणायची, तुमच्यापेक्षा कुलूप बरं, निदान खट्ट तरी करतं).

मला वाटलं होतं, दात ओढणाऱ्या तारेसाठीचे ते धातूचे चौकोनी तुकडे, म्हणजे ब्रॅकेट, डिंक लावून चिकटवत असतील. तसं नाही. आधी खरखरीत पेस्टने दात घासले. मग ओठांत प्लास्टिकची चौकट अडकवली, दोन्ही गालांत कापूस कोंबला आणि दातांवर निळं जेल लावलं. ते ॲसिड असतं, हे लावून झाल्यावर सांगितलं. गुळगुळीत दाताला काही चिकटत नाही म्हणे. मी मनात तीस मोजले. जेल धुतलं, हवेने दात वाळवले आणि डॉक्टरबाईंनी आरसा धरला. सहाही दात खडूसारखे पांढरे! "काका, आता जीभ लावायची नाही हं. थुंकीचा थेंब लागला तरी सगळं पुन्हा."

मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. तेवढ्यात मदतनीस बाई कागद घेऊन आल्या. "काका, सोबत कोण आलंय? रकाना रिकामाच राहिलाय."

साडूबुवा, गेली एकतीस वर्षं कुठल्याही दवाखान्यात या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. तेच निघालं. "बाहेर बसलीय." (चौकटीतून ते कसं ऐकू आलं असेल देव जाणे, पण त्या बाईंना उघड्या तोंडाची भाषा येते.)

जीभ दातांना लागलीच. डॉक्टरबाईंचा हात हवेत थांबला. "तासभर गप्प होतात, आत्ताच बोलायचं होतं?" पुन्हा निळं जेल, पुन्हा तीस. तिकडे मदतनीस बाई बाहेर जाऊन सगळ्यांना विचारत होत्या, "काकांबरोबरच्या काकू कुठे गेल्या? सही हवीय!"

बाहेर कवळीसाठी आपले निवृत्त पोस्टमास्तर बसलेले. त्यांची घरोघर पोचवायची सवय अजून सुटलेली नाही. मी बाहेर येताच त्यांनी माझा हात दाबला. "काकू काही दिसल्या नाहीत, पण आनंद वाटला. माणसाला सोबत हवीच हो!" मी खुलासा करायला गेलो, तर ओठ ब्रॅकेटवर अडकून दात उघडे पडले. त्यांना वाटलं, मी लाजून हसलो.

पोस्टमास्तरांच्या मंडळी रोज सकाळी ताईंबरोबर फिरायला जातात, तेव्हा उद्या ही बातमी ताईंच्या कानावर जाणारच. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून हे पत्र संध्याकाळी तुमच्या कचेरीतल्या शिपायाकडे देऊन जाईन.

तुमचा
धाकटा साडू

ता. क. ताईंना एवढंच सांगा की कोणी बाई नाही, काही नाही.

ता. क. २. तसं सांगू नका. त्या विचारतील, मग बाहेर कोण बसली होती? तुझीच धाकटी बहीण, असं सांगा. मी सांगायला गेलो तर वाक्य पुरं होणार नाही.

ता. क. ३. रविवारी ताई माझ्याकडे येतील, तेव्हा त्यांना एकटं पाठवू नका, तुम्हीही या. गुडघा दुखत असेल तर मी खाली उतरेन. आता दात घासायला उठतो. एकेका ब्रॅकेटभोवती दहा वेळा ब्रश फिरवायला सांगितलंय. दात सहाच आहेत, पण वेळ लागतो.