ताकाच्या पेल्यातला बर्फ

पुणे, १२ मे १९९७

सौ. शांतादेवीस रुद्रप्पाचा आशीर्वाद. मी मजेत आहे, काळजी नसावी.

ती व्हिस्की मला अकराशेला पडली, शिवाय ती केजला आपल्या घरी पोचवणाऱ्या ड्रायव्हरला पन्नास. दिवाळीत घरी येऊन मीच फोडणार होतो.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "संगूभावजी आन् त्यांचे दोस्त ताक पितेत." मला मागं स्टीलच्या पेल्यांत बर्फ वाजलेला ऐकू आला. ताकात बर्फ कोण घालतं? तेवढ्यात आमचे धाकटे बंधू ओरडले, "वैनी, अण्णाच्या व्हिस्कीत आंब्याचा रस घातला, लई झाक कॉकटेल झालं!" आणि तू हसलीस. माझ्या बोलण्यावर इतकी कधी हसलीस गं?

त्याला सांग, मी ज्यांना नळ-पाइप विकतो ते बिल्डर दर शनिवारी घरच्या प्यायच्या बैठकीला मला बोलावतात. म्हणतात, "शेठ, तुमच्याशिवाय रंगत नाही."

आईचे गुडघे कसे आहेत? आणि संगूच्या दोस्तांची भजी तू कावून तळतेस? संगूची बायको हाय की.

उरलेली बाटली माझ्या ट्रंकेत कुलपात ठेव.

आता पुढचं त्याला वाचून दाखवू नको. बैठकीत मी बर्फ फोडून देतो. बसा म्हणून अजून कुणी म्हटलेलं नाही.

तुझाच,
रुद्रप्पा